चार वर्षांचा भाचा, एक दिवस मुंबई आणि ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम



पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न सारखा येतो: "ताई, विषय सुचलाय, पण त्याचा प्रॉब्लेम कसा बनवायचा?" याचं उत्तर मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा ते पाठ्यपुस्तकासारखं झालं. म्हणून आज वेगळ्या रस्त्याने जाऊ. लहान मुलाला घेऊन एका दिवसात मुंबई कशी दाखवायची, हा आजचा प्रश्न. माझं पीएचडीचं काम कचरागाड्यांच्या मार्गांवर आहे, त्यामुळे "कुठून कुठे, कोणत्या क्रमाने" हा माझा रोजचा धंदा. तरीही गेल्या मे महिन्यात मी या प्रश्नात सपशेल नापास झाले. कशी, ते सांगते.

पहिली सहल

आम्ही पुण्यात राहतो. माझ्या ताईचा मुलगा तेव्हा नुकताच चार वर्षांचा झाला होता. भावोजींची नोकरी बाहेरगावी, ताईची शाळेतली. त्या सुट्टीत तिला मनासारखा मोकळा असा एकच रविवार मिळत होता. "याला मुंबई दाखवू या, तूच ठरव सगळं, तुझा विषयच आहे ना?" असं ती म्हणाली. मी खूश.

जाता-येता डेक्कन क्वीन. सकाळी ७.१५ ला पुणे, १०.२५ ला सीएसएमटी. परत ५.१० ला सीएसएमटीवरून. म्हणजे मुंबईत हातात ६ तास ४५ मिनिटं, एकूण ४०५ मिनिटं. (तुम्ही जाणार असाल तर वेळापत्रक तेवढं ताजं बघून घ्या.)

मी यादी केली: सीएसएमटीची इमारत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेट वे ऑफ इंडिया, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आणि भायखळ्याची राणीची बाग. सात ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं ते लिहिलं, बेरीज २८० मिनिटं. मॅपवर बघून प्रवासाची बेरीज केली, ९५ मिनिटं. एकूण ३७५. "बघ, जेवायला अर्धा तास उरतोय," असं मी ताईला अभिमानाने सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण मी एक्सेल शीट दाखवत होते.

आता प्रत्यक्षात काय झालं? गाडी अगदी वेळेवर पोचली. पण स्टेशनपासून म्युझियमपर्यंत चालत दहा मिनिटं धरली होती, तिथे पंचवीस लागली. कारण वाटेत एक मांजर होतं, एक उसाचा रस होता, आणि "मावशी, शू" होती. म्युझियम, गेट वे, जेवण करता करता सव्वादोन वाजले. अडीच वाजता, मे महिन्याच्या उन्हात, आम्ही मरीन ड्राइव्हवर होतो आणि पोरगं ताईच्या खांद्यावर झोपलेलं होतं. पंधरा किलोचं झोपलेलं मूल म्हणजे काय असतं, हे ज्यांनी उचललंय त्यांनाच माहीत. चौपाटीवर ते जागं झालं ते रडतच. ताई म्हणाली, "बस झालं, स्टेशनवर जाऊन बसू." आणि मी, खरंच सांगते, म्हणाले, "म्हातारीचा बूट जवळच आहे गं, तो तरी बघू."

गेलो. वीस मिनिटं थांबलो. भाच्याने बुटाकडे पाठ करून आईच्या ओढणीत तोंड खुपसलं होतं. परत येताना टॅक्सीला ४५ मिनिटं लागली. ५ वाजून ६ मिनिटांनी सीएसएमटी, चार मिनिटांत प्लॅटफॉर्म गाठायचा, मूल कडेवर, पिशवी खांद्यावर. गाडी मिळाली. लोणावळा येईपर्यंत ताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "आपण याला घेऊन आलो होतो की तुझ्या यादीला?"

या कोड्याला नाव आहे

घरी आल्यावर वाईट वाटलंच, पण दुसरंही एक लक्षात आलं. मी चुकीचा प्रॉब्लेम सोडवत बसले होते.

"सगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन कमीत कमी प्रवासात परत या" हे फिरत्या विक्रेत्याचं प्रसिद्ध कोडं, ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम. त्यात ठिकाणं ठरलेली असतात, फक्त क्रम शोधायचा असतो. पण सहलीला गेलेल्या माणसावर सगळीकडे जायची सक्ती कोणी केली आहे? त्याच्याकडे वेळ ठरलेला असतो आणि त्यात कुठे जायचं हे निवडायचं असतं.

या दुसऱ्या कोड्याला ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम म्हणतात. नाव आलंय एका खेळावरून. ओरिएंटियरिंगमध्ये खेळाडू नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात पळतात. त्याच्या एका प्रकारात जागोजागी ठेवलेल्या खुणांना वेगवेगळे गुण असतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत यायचं असतं. सगळ्या खुणा गाठणं शक्य नसतंच. कोणत्या गाठायच्या आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवून जास्तीत जास्त गुण मिळवायचे. १९८४ मध्ये त्सिलिगिरिडिस यांनी या कोड्यासाठी काही पद्धती सुचवल्या, आणि १९८७ मध्ये गोल्डन, लेव्ही आणि वोहरा यांनी हे कोडं एनपी-हार्ड आहे हे दाखवलं. पुढे पर्यटकांच्या सहलींसाठी हेच वापरणारी एक शाखा तयार झाली, तिला टूरिस्ट ट्रिप डिझाइन प्रॉब्लेम म्हणतात.

एनपी-हार्ड या शब्दाला घाबरू नका. आपल्यापुरता अर्थ एवढाच: ठिकाणं वाढली की प्रत्येक वेळी हमखास सर्वोत्तम उत्तर झटपट देईल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. नुसते पर्याय मोजून बघा. सात ठिकाणांमधून काही निवडायची, किंवा एकही न निवडता स्टेशनवर बसायचं, आणि निवडलेल्यांचा क्रम लावायचा. याच्या एकूण १३,७०० रीती होतात. दहा ठिकाणं केलीत तर ९८,६४,१०१. वीस केलीत तर १९ अंकी संख्या. म्हणून माणसं आणि कॉम्प्युटर दोघेही पूर्ण शोध सोडून अंदाजाच्या चांगल्या पद्धती वापरतात. त्यांना ह्युरिस्टिक म्हणतात.

या मॉडेलला तीन गोष्टी लागतात: प्रत्येक ठिकाणाचे गुण, दोन ठिकाणांमधला वेळ आणि एकूण वेळेची मर्यादा. बस्स. आता एकेक बघू, कारण माझी चूक तिन्हीकडे होती.

पहिली गोष्ट: मर्यादा किती?

मी ४०५ लिहिलं होतं. तो गाडीचा आकडा होता, आमचा नव्हता.

जानेवारीत दुसऱ्यांदा जायचं ठरलं, तेव्हा ताईला शेजारी बसवलं आणि सगळं कागदावर उतरवलं. गाडीतून उतरून, स्वच्छतागृह उरकून, बाहेर पडेपर्यंत ३० मिनिटं. परतीच्या गाडीआधी ४० मिनिटं स्टेशनवर. जेवण ६०, कारण चार वर्षांचं मूल जेवत नाही, ते जेवणाशी वाटाघाटी करतं. दुपारची झोप ७५. हे २०५ झाले. ४०५ वजा २०५, उरले २००.

निम्म्याहून जास्त दिवस आधीच खर्च झालेला होता आणि माझ्या शीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत. टाइमलाइन काढताना बहुतेक जण ३ वर्षं म्हणजे ३६ महिने काम असं धरतात. त्यात कोर्सवर्क, परवानग्या, प्रगती अहवाल, परीक्षांची ड्युटी, आजारपण, घरातलं एखादं लग्न, हे वजा करा. जे उरेल ती तुमची खरी मर्यादा.

दुसरी गोष्ट: प्रवासाला किती वेळ लागतो?

इथे मला एक गोष्ट कामाला आली. पहिल्या सहलीत मी सवयीने निघाल्या-पोचल्याच्या वेळा फोनमध्ये टिपून ठेवल्या होत्या. जे सहा टप्पे आम्ही खरोखर केले, त्यांचा मॅपवरचा अंदाज होता ८० मिनिटं. लागली १५०. म्हणजे जवळपास १.९ पट.

एका सहलीवरून नियम काढायचा नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण शून्य सहलींपेक्षा एक बरी. दुसऱ्या प्लॅनमध्ये मी जवळचे टप्पे सरळ टॅक्सीने धरले आणि तरीही मॅपच्या आकड्याच्या दुप्पट किंवा थोडा कमी वेळ लिहिला.

आपले अंदाज नेहमी कमीच का येतात, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तर आपल्या जिव्हाळ्याचा आहे. त्यांनी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५. आणि गंमत म्हणजे, "सगळं अगदी वाईटात वाईट घडलं तर किती?" असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं ४८.६ दिवस. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही खऱ्या आकड्यापर्यंत पोचली नव्हती.

असं का होतं? आपण अंदाज करताना डोक्यात कामाची गोष्ट रंगवतो: मग हे करू, मग ते करू. त्या गोष्टीत मांजर नसतं. याच्यावरचा उपाय असा की आतून गोष्ट रंगवण्याऐवजी बाहेरून बघायचं: असं काम याआधी केलं तेव्हा किती वेळ लागला होता? स्वतःचा आकडा नसेल तर दुसऱ्याचा विचारायचा. तुमच्या लॅबमधल्या सीनियरला "डेटा गोळा करायला किती वेळ लागेल?" असं विचारू नका. "तुला किती लागला?" असं विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, करून बघा. मी माझ्या पहिल्या प्रगती अहवालात डेटासाठी ३ महिने लिहिले होते, लागले ७. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला आठ लागले होते. तिला मी विचारलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट: गुण कोणी द्यायचे?

ही सगळ्यात अवघड, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

पहिल्या यादीत मी प्रत्येक ठिकाणाला एकच गुण दिला होता. न लिहिता दिला होता, पण दिला होता, कारण माझं यश मी "किती ठिकाणं झाली" यावर मोजत होते. माझ्या पीएचडीच्या कामातही असंच झालं होतं. कोणत्या भागातला कचरा आधी उचलायचा, याचे गुण मी एका सेमिनारमध्ये छान रंगीत तक्त्यात दाखवले, आणि आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "हे गुण कोणी दिले?" मी दिले होते. लॅबमध्ये बसून.

म्हणून या वेळी भाच्यालाच विचारायचं ठरवलं. चार वर्षांच्या मुलाला "एक ते दहापैकी किती?" असं विचारून उपयोग नाही. मी फोटो दाखवले आणि समोर दहा गोट्या ठेवल्या: "जिथे जायचंय त्या फोटोवर गोट्या ठेव, जास्त आवडलं तर जास्त." प्रत्येक फोटोला पुन्हा दहा गोट्या. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांवर दहाच्या दहा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी म्युझियमवर तीन. म्हणून तीन-चार दिवस हाच खेळ खेळलो आणि सरासरी काढली. एकदाच विचारून मोकळं होऊ नये, हे प्रश्नावली बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवा. शेवटी आकडे असे आले: राणीची बाग १०, म्युझियम ७, गेट वे ६. म्युझियमचे गुण वाढले ते तिथल्या निसर्ग विभागातल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांचा फोटो दाखवल्यावर. गेट वेचे गुण बोटींना मिळाले, कमानीला नाही. मरीन ड्राइव्हला दोन. म्हातारीच्या बुटाला शून्य. त्याला मे महिना आठवत असावा.

आता सोडवून बघू

मर्यादा २०० मिनिटं. आकडे असे:

राणीची बाग: सीएसएमटीहून मस्जिद, सँडहर्स्ट रोड, मग भायखळा. लोकलने तिसरंच स्टेशन, पण गाडीची वाट आणि पुढचं चालणं धरून जायला ४०, आत १००, परत यायला ४०. एकूण १८०. (बुधवारी बाग बंद असते, तेवढं लक्षात ठेवा.)

म्युझियम आणि गेट वे: स्टेशन ते म्युझियम २०, आत ८०, तिथून गेट वे १५, तिथे ४०, परत स्टेशन २५. एकूण हेही १८०.

आता सगळ्यात सोपी ह्युरिस्टिक लावा: ज्याला सर्वांत जास्त गुण ते आधी घ्या, मग उरलेल्या वेळात बसेल ते घ्या. हिला ग्रीडी म्हणजे हावरी पद्धत म्हणतात. ती राणीची बाग उचलते, १० गुण. उरतात २० मिनिटं, त्यात काहीच बसत नाही. संपलं.

पण म्युझियम आणि गेट वे एकमेकांच्या शेजारी आहेत. दोन्ही मिळून तेवढ्याच १८० मिनिटांत १३ गुण मिळतात. यादीत पहिला नंबर असलेलं ठिकाण सोडून दिल्यावर चांगलं उत्तर मिळालं. ओरिएंटियरिंग प्रॉब्लेमची सगळी गंमत इथे आहे: ठिकाणाची किंमत ते एकटं किती चांगलं आहे यावर ठरत नाही, त्याच्या आजूबाजूला काय आहे यावरही ठरते.

मिनिटामागे किती गुण, असा भागाकार करून निवडलं तर? स्टेशनवरून एकटं गेट वे म्हणजे जाऊन-येऊन ९० मिनिटांत ६, एकटं म्युझियम १२० मिनिटांत ७, बाग १८० मिनिटांत १०. भागाकारात गेट वे पहिलं येतं, मग त्याच्या वाटेवर म्युझियम बसतं, आणि आपण १३ वर पोचतो. इथे ही पद्धत जिंकली. प्रत्येक वेळी जिंकेलच असं नाही. स्वतः पाच ठिकाणांचं असं उदाहरण बनवा की जिथे भागाकाराची पद्धतही हरते. एक तास लागेल, पण ह्युरिस्टिक म्हणजे काय ते आयुष्यभर विसरणार नाही.

मॉडेलमध्ये न मावलेलं

ताईला मी हे सगळं दाखवलं. १३ गुण वगैरे. तिने कागद नीट बघितला आणि म्हणाली, "झोप दुपारी कशाला धरलीस? सकाळी साडेपाचला उठवणार आपण त्याला. तो गाडीतच झोपेल."

मी गप्प. तीन तासांहून जास्त वेळ गाडीत जाणार होता आणि मी तो हिशेबातच घेतला नव्हता, कारण माझ्या मॉडेलमध्ये दिवस १०.२५ ला सुरू होत होता. रूटिंगच्या अभ्यासात टाइम विंडो म्हणून एक प्रकार आहे: अमुक काम अमुक वेळेतच झालं पाहिजे अशी अट. मी झोपेला दुपारची खिडकी दिली होती. ती खिडकी सरकवता येते, हे फक्त तिलाच माहीत होतं. अशा माणसाला आपण संशोधनात डोमेन एक्स्पर्ट म्हणतो आणि मॉडेल पूर्ण झाल्यावर शेवटी त्याची सही घ्यायला जातो. मे महिन्यात ती बोलणार होती तेव्हाच मी ऐकायला हवं होतं.

तर ७५ मिनिटं मोकळी झाली. आणि बघा माणसाचा स्वभाव! माझा हात लगेच मरीन ड्राइव्हकडे. दोन गुण तर दोन गुण. ताई म्हणाली, "राहू दे रिकामी."

मॉडेलच्या भाषेत हे चूकच. वेळ उरलाय, गुण मिळतायत, तर घ्यायला हवेत. पण आमच्या मॉडेलमध्ये एक मोठं गृहीतक लपलेलं होतं: तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंतही मूल तेवढंच ताजं असेल आणि ठिकाणाचे गुण तेवढेच राहतील. मे महिन्यात म्हातारीच्या बुटाचे गुण दुपारी चार वाजता शून्याच्याही खाली गेले होते. वेळेनुसार गुण बदलतात, प्रवासाचा वेळ अनिश्चित असतो, अशा अटी धरून केलेली मॉडेल्स अभ्यासात आहेत. ती कठीण असतात आणि त्यांना भरपूर डेटा लागतो. तो नसेल तर साधा उपाय म्हणजे थोडा वेळ मुद्दाम रिकामा ठेवायचा. आमच्याकडे आधीची २० आणि ही ७५ अशी ९५ मिनिटं रिकामी राहिली.

दुसरी सहल

जानेवारीतला रविवार. भाचा घाट संपेपर्यंत खिडकीला नाक लावून बसला, कर्जतनंतर झोपला तो दादरला उठला. म्युझियममध्ये ८० मिनिटं धरली होती, लागली १२५, कारण तो एका प्राण्यासमोरून हलायलाच तयार नव्हता. मे महिन्यातली मी त्याला ओढून पुढे नेलं असतं. या वेळी ४५ मिनिटं रिकाम्या वेळेतून गेली, एवढंच. गेट वेला ४० च्या जागी ७० झाली, बोटी मोजण्यात. परतीच्या टॅक्सीला ५ मिनिटं जास्त लागली. ९५ मधली १५ उरली आणि आम्ही सव्वाचारला स्टेशनवर होतो, गाडीच्या ५५ मिनिटं आधी. ताईने चहा घेतला. गरम, बसून, शेवटपर्यंत. "पोरगं झाल्यापासून बाहेर पहिल्यांदाच," असं म्हणाली. हाही गुणांच्या तक्त्यात कुठे नव्हता, आणि सहल तिचीही होती.

तुमच्यासाठी गृहपाठ

आता तुमचा विषय घ्या आणि एका कागदावर एवढंच लिहा:

१. तुम्ही नक्की काय वाढवू किंवा कमी करू बघताय? ते मोजायचं माप कोणी ठरवलं?

२. तुमची मर्यादा किती? आधीच खर्च झालेलं वजा करून लिहा.

३. तुमच्या अंदाजांपैकी कोणते नकाशावरून आलेत आणि कोणते कोणाच्या तरी खऱ्या अनुभवातून?

४. कोणती अट तुम्ही पक्की समजताय, जी विषयातल्या जाणत्या माणसाला विचारली तर सरकू शकते?

५. काय सोडून देणार आहात? याचं उत्तर रिकामं असेल तर तुमच्याकडे अजून प्रॉब्लेम नाही, यादी आहे.

लहान मूल घेऊन खरोखरच कुठे जाणार असाल तरी हाच कागद चालेल. पुणे, नाशिक, नागपूर, कुठलंही शहर घ्या. फक्त कागद मुलाच्या आईबाबांना किंवा आजीला दाखवल्याशिवाय निघू नका.

परतीच्या गाडीत मी भाच्याला फोन समोर धरून विचारलं, "आज सगळ्यात जास्त काय आवडलं?" मनात म्हटलं, प्राणी म्हणेल, नाहीतर बोटी.

तो म्हणाला, "बोगदा."

सकाळचा, घाटातला. त्याच्यावर गोट्या ठेवायला मी फोटोच दिला नव्हता. मग तो उठून खिडकीशी गेला, कारण कर्जत मागे पडलं होतं आणि बोगदे परत येणार होते.